आठ मुलांचे पत्र

दिवाळीच्या सुटीत मास्तर मंडळींनी हाती घेऊ नये असे एखादे पुस्तक असेल, तर ते ‘प्रिय बाई’ होय. फराळ गोड लागावयाचा नाही. भाच्याला सहामाहीचे गुण विचारणाऱ्या मामांनी मात्र ते अवश्य वाचावे. इटलीतील तस्कनी प्रांतात बार्बियाना नावाची डोंगरी वस्ती आहे. गरिबांच्या पोरांना नापास करून घरी धाडणाऱ्या एका शिक्षिकेस तेथील आठ मुलांनी लिहिलेले हे लांबलचक पत्र. मूळ पुस्तक १९६७ च्या मे महिन्यात निघाले.

त्यातील तक्ते आणि संताप यांची चर्चा पुष्कळ झाली. मला त्याची घडण अधिक मोलाची वाटते. प्रत्येकाच्या खिशात वही; सुचेल ते टिपायचे, मग एकेक विचार वेगळ्या चिठ्ठीवर, एकाच बाजूस लिहायचा. एके दिवशी साऱ्या चिठ्ठ्या मेजावर पसरायच्या. सारख्या असतील त्या गाळायच्या, जवळच्यांची चवड करायची. त्या चवडीचेच पुढे प्रकरण होते. ज्या परिच्छेदाला नाव सुचत नाही त्यात एक तर काही नाही, नाहीतर फार आहे, असे समजून तो मोडायचा. शेवटी फारसे न शिकलेल्या माणसाकडून सारे मोठ्याने वाचून घ्यायचे. तो अडला, तर चूक लिहिणाऱ्याची! आम्हां कादंबरीकारांना हे सुचावयास हवे होते. अशा लेखनात हुशार मुलाचे वाक्य त्याच्या एकट्याचे राहत नाही, आणि मठ्ठ ठरवलेल्याची चिठ्ठी आधीच केरात जात नाही. शेजाऱ्याला दिसू नये म्हणून वहीवर आडवा हात धरून निबंध लिहिणारी आपली मुले येथे आठवतात.

शाळाही तशीच होती. वर्षाचे सर्व दिवस, दिवसाचे बारा तास. मोठ्याने धाकट्यास शिकवायचे, आणि ज्याला येत नाही त्याच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचे. ती चालवणारे पाद्री लोरेन्झो मिलानी त्याच वर्षी जूनमध्ये वारले. पुस्तकावर लेखक म्हणून नाव शाळेचे आहे, त्यांचे नव्हे.

एक गोष्ट मात्र खटकते. मुलांचा राग रास्त आहे. पण डॉक्टरांचा पिएरिनो आणि नापास होणारा जान्नी जसे डोळ्यांपुढे उभे राहतात, तशा वह्यांच्या ढिगामागे बसलेल्या बाई उभ्या राहत नाहीत. गंमत अशी, की एकत्र लिहिण्याची ही रीत रुजली तीही दुसऱ्या एका शिक्षकाच्या मैत्रीतून. १९६३ साली मारिओ लोदी हे प्राथमिक शिक्षक मिलानींकडे आले, दोन्ही शाळांतील मुलांची पत्रे सुरू झाली आणि त्या पत्रांपायी मुले एका मेजाभोवती बसू लागली. अशा मुलांनी बाईंनाही एक चिठ्ठी लिहू द्यावयास हवी होती. इतरांच्या चिठ्ठ्यांबरोबर तीही मेजावर पसरली असती. टिकली असती वा गळाली असती.