टेम्पोतले ध्वनिभांडार : मालाडच्या फिरत्या डीजेंची साधने आणि साठवण

मालाडचा ध्वनीच्या साठवणीशी संबंध बोलपटाच्या आरंभकाळापासूनचा आहे. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली येथे उभारलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये गाणे आणि संवाद चित्रफितीच्या कडेने धावणाऱ्या प्रकाशपट्टीवर उमटवले जात, आणि ती पट्टी ओरखडली की पडद्यामागचा आवाजही करकरू लागे. स्टुडिओच्या जागी आता औद्योगिक गाळे आहेत, आणि या उपनगरात ध्वनीची ने-आण करण्याचे काम मुख्यतः फिरत्या डीजेकडे आले आहे. फिरता, म्हणजेच मोबाइल डीजे हा एखाद्या क्लबात कायम बसणारा वादक नव्हे. स्पीकर, ॲम्प्लिफायर, दोन गाणी खंड न पाडता एकमेकांत मिसळणारा मिक्सर, दिवे आणि गाण्यांचा साठा टेम्पोत घालून तो ऑर्डरीच्या जागी पोचतो आणि कार्यक्रम आटोपला की सगळा सेट पुन्हा टेम्पोत चढवतो. ऑर्लेमच्या ख्रिस्ती कुटुंबातले रिसेप्शन, मढ-भाटीकडची कोळी हळद, एव्हरशाइन नगरातल्या सोसायटीची नवरात्र आणि कुरारमधल्या मंडळाची मिरवणूक ही चार वेगवेगळी श्रोतृमंडळे एकाच हंगामात एकाच डीजेच्या वाट्याला येऊ शकतात. त्यामुळे त्याची कला आधी संग्रहाची असते आणि मग वादनाची. या व्यवसायातील जुन्या-नव्याची चर्चा मात्र बहुधा स्पीकरांच्या भिंतीभोवतीच घुटमळते, आणि साठवण, जिथे खरे स्थित्यंतर घडले आणि खरी हानीही झाली, ती दुर्लक्षित राहते.

डीजेकलेच्या जागतिक इतिहासात मानाचे स्थान असलेली टेक्निक्स एसएल-१२०० ही रेकॉर्ड फिरवणारी तबकडी १९७२ साली आली. मोटर पट्ट्याविना थेट तबकडीखाली बसवल्यामुळे तिची गती हाताच्या स्पर्शानंतरही चटकन पूर्ववत होई, आणि १९७९च्या सुधारित आवृत्तीने ती क्लबांची प्रमाणभूत तबकडी ठरली. तिचे उत्पादन २०१० साली थांबले, २०१६ साली पुन्हा सुरू झाले, आणि त्या पुनरागमनाभोवती जुन्या आवाजाच्या उबेची बरीच भावुक चर्चा झाली. उपनगरातील फिरत्या डीजेला त्या चर्चेत फारसे स्थान नाही, कारण त्याच्या परंपरेत ही तबकडी जवळपास नव्हतीच. रेकॉर्डच्या खाचेतून फिरणारी सुई कंपनावरच चालते, आणि शेजारच्या बेसच्या पेटीचे कंपन व टेम्पोचा धक्का तिला गाण्यापासून वेगळे काढता येत नाहीत. परिणामी सुई उडते, किंवा बेसचाच आवाज सुईवाटे पुन्हा ॲम्प्लिफायरमध्ये शिरून घुमू लागतो. लाउडस्पीकरवाला भोंगे बांधून एका जागी रेकॉर्ड वाजवी तोवर हे निभावले. मिरवणूक चालू लागताच ते शक्य राहिले नाही.

फिरत्या ध्वनिव्यवसायाचे पहिले खरे माध्यम कॅसेट हेच होय. फिलिप्सने १९६३ साली आणलेली ही फीत सेकंदाला पाच सेंटिमीटरहूनही कमी गतीने सरकते, त्यामुळे तिच्या गुणवत्तेला मुळातच मर्यादा होती. परंतु ती धक्का सोसत असे, स्वस्त होती, आणि १९८०च्या दशकात टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी किंमत आणखी खाली आणल्यावर लहान गायकांना आणि मंडळ्यांनाही ध्वनिमुद्रण परवडू लागले. वेसावकर आणि मंडळींची कोळीगीते, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि शिंदे घराण्याची लोकगीते याच फितींवरून मांडवामांडवांत गेली. कॅसेटवर नेमक्या ठोक्याला गाणे उचलणे जिकिरीचे असे. एका डेकवर गाणे चालू असताना दुसऱ्या डेकवरची फीत कानाला हेडफोन लावून मागेपुढे करावी लागे, आणि म्हणून प्रत्येक कॅसेटमध्ये कोणते गाणे कुठे येते हे वाजवणाऱ्याला तोंडपाठ असे. सीडीने ही अडचण दूर केली, पण फिरत्या व्यवसायात तिचे राज्य अल्पजीवी ठरले. ओरखडे, पावसाळी दमटपणा आणि घरी भरलेल्या सीडीतील रंगद्रव्याचा ऱ्हास यांनी तिला पुरते रुळू दिले नाही.

त्यानंतर आली हार्डडिस्क, आणि तिच्यासोबत संख्येचा मोह. पाच मिनिटांचे गाणे सीडीच्या मूळ दर्जाने ठेवले तर सुमारे ५३ मेगाबाइट जागा घेते, तेच सेकंदाला ३२० किलोबिट दराच्या एमपी३ रूपात १२ मेगाबाइटांत आणि १२८ किलोबिटांत पाच मेगाबाइटांहूनही कमी जागेत मावते. याचा अर्थ एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये ३२० दराची ८० हजारांहून अधिक गाणी बसतात, परंतु मूळ दर्जाचीही सुमारे १९ हजार गाणी बसतातच, आणि एका रात्रीत शंभर-दीडशे गाण्यांपलीकडे कोणी वाजवत नाही. जागेची टंचाई केव्हाच संपली असताना हलक्या दर्जाच्या फाइली टिकून राहिल्या, त्याचे कारण तांत्रिक नसून सवयीचे आहे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेण्याच्या काळात जे साठे तयार झाले, तेच डिस्कवरून डिस्कवर जसेच्या तसे उतरत आले.

या फाइलींचे नुकसान नेमके कोठे होते, हे मराठी वाद्यांच्या संदर्भात विशेष पाहण्यासारखे आहे. एमपी३ पद्धत ध्वनीचे बारीक बारीक तुकडे पाडते आणि कानाला ऐकू येणार नाही असे तिला वाटते तेवढे प्रत्येक तुकड्यातून वगळते. या वगळण्यातून उरणारी चूक संपूर्ण तुकड्यावर पसरते. सलग सुरांच्या गाण्यात ती झाकली जाते, पण शांततेतून एकदम फुटणाऱ्या आघातात तसे होत नाही आणि आघाताच्या किंचित आधीच एक खरखर उमटते. ताशाची काडी आणि हलगीची थाप हे असेच आघात आहेत. शिवाय १२८ दराची फाइल साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर बहुधा कापूनच टाकते, त्यामुळे झांजेचा लखलखाट विझतो. मोबाइलच्या स्पीकरवर यांपैकी काहीच जाणवत नाही. मांडवातल्या मोठ्या सेटवर मात्र ताशा ओल्या पुठ्ठ्यासारखा वाजतो आणि दोष मशीनला, म्हणजे ॲम्प्लिफायरला, दिला जातो. अशी फाइल ३२० दराने पुन्हा जतन केल्याने गेलेले परत येत नाही, केवळ जागा वाढते. आणि तरीही 'तीनशेवीस आहे' हे आश्वासन व्यवसायात पुरावा म्हणून चालते.

दुसरे नुकसान ओळखीचे आहे. फाइलला जोडलेली माहितीपट्टी, जिच्यात गायक, संगीतकार, वर्ष आणि गाण्याची गती नोंदवता येते, ती अनेक साठ्यांत रिकामी असते किंवा तिच्यात गाणे जेथून उतरवले त्या संकेतस्थळाचे नाव असते. एकच कोळीगीत तीन इंग्रजी वर्णलेखनांनी तीन ठिकाणी सापडते, त्यांतले एक अर्धवट, एक कोण्या अनोळखी डीजेच्या नावाच्या घोषणेसह आणि एक बेंजो मिक्स. शोध घेण्याची सोय संगणकाने दिली, पण नावे नोंदवण्याचा कंटाळा माणसाचाच राहिला. कॅसेटच्या वेष्टनावर निदान गायकाचे नाव आणि छायाचित्र तरी असे.

साठवणीच्या यंत्रांबाबत नव्याची बाजू निर्विवादपणे वरचढ आहे. फिरत्या चकतीच्या हार्डडिस्कमध्ये वाचणारे टोक चकतीवर केसाच्या जाडीच्याही कित्येक पट कमी अंतरावर तरंगते; बेसच्या पेटीवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये ते चाचरते आणि गाणे ऐन रंगात अडखळते. फिरता भाग नसलेल्या एसएसडीला ही भीती नाही. पेनड्राइव्हचे गणित वेगळे आहे. २००९ साली आलेल्या पायोनियरच्या सीडीजे-२०००सारख्या यंत्रांनी तो थेट वाचण्याची सोय केली, परंतु ती यंत्रे फॅट३२ या जुन्या मांडणीतला ड्राइव्ह वाचतात, विंडोजच्या एनटीएफएस मांडणीतला नाही, आणि हे ज्ञान अनेकदा भर कार्यक्रमातच प्राप्त होते. भरीस भर म्हणजे वेष्टनावर खोटी क्षमता छापलेले स्वस्त ड्राइव्ह बाजारात सर्रास मिळतात. त्यांत गाणी भरल्यासारखी दिसतात, पण खऱ्या क्षमतेपलीकडची वाजत नाहीत. दोन वेगळ्या साधनांवर दोन प्रती ठेवणे आणि हंगामापूर्वी त्या वाजवून तपासणे, एवढी साधी शिस्त या व्यवसायात अजून सर्वमान्य झालेली नाही.

ध्वनिवर्धनात मात्र निवाडा इतका सोपा नाही. लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे जुने ॲम्प्लिफायर दोन माणसांना उचलावे लागत, ते जनरेटरवर भार टाकत आणि उष्णतेत वीज उधळत. डी वर्गाचे नवे ॲम्प्लिफायर विजेचा प्रवाह वेगाने चालू-बंद करून काम करतात, म्हणून हलके असतात आणि मिळालेल्या विजेचा बराच मोठा भाग आवाजात उतरवतात. पण जुन्यातला ट्रान्झिस्टर बदलून किंवा स्पीकरची जळालेली कॉइल भरून सेट दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राही, तर नव्यातले दाट छापील सर्किट बिघडले की पूर्ण पाटीच बदलावी लागते. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असलेल्या पॉवर्ड स्पीकरमुळे मांडणी सोपी झाली, आणि लहान सभागृहातल्या ऑर्डरीला ते उत्तमच आहेत. तथापि पावसाळ्यात मार्वेच्या खाऱ्या हवेत रात्र काढणाऱ्या व्यावसायिकाने साध्या पेट्या आणि वेगळे मशीन यांनाच चिकटून राहणे हे जुनाटपणाचे लक्षण न मानता हिशेबाचे मानले पाहिजे.

आवाजाच्या चढाओढीने या कलेचे जेवढे अहित केले तेवढे कोणत्याही उपकरणाने केले नाही. वॅट दुप्पट केले तरी पातळी केवळ तीन डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण दसपट शक्ती लागते. म्हणजे भिंत वाढवत नेण्यात खर्च जास्त आणि फळ कमी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धकास मनाई आहे. २०१८च्या गणेशोत्सवात विसर्जन मिरवणुकीतील डीजे व डॉल्बीवरील बंदी उठवण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, तेव्हा व्यावसायिकांनी रोजगाराचा प्रश्न मांडला आणि तो खोटा नव्हता. परंतु केवळ पेट्यांची ताकद दाखवण्यासाठी रचलेले 'साउंड चेक'चे तुकडे, ज्यांत गाणे नावापुरतेच असते, हे या कलेचे प्रतिनिधी ठरले, याची जबाबदारी न्यायालयावर टाकता येत नाही.

ऑनलाइन सेवांमधून थेट गाणी वाजवण्याची सोय आता डीजेच्या सॉफ्टवेअरमध्येही आली आहे. हजारोंच्या गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडते ही तिची उघड अडचण आहे. त्याहून मोठी अडचण ही की लहान कंपन्यांच्या कॅसेटींवरली हळदीची गाणी, स्थानिक बेंजो पथकांची मुद्रणे आणि गल्लीत तयार झालेली हलगी मिक्स त्या सेवांवर मिळतीलच याची शाश्वती नसते. ज्यांच्या मूळ फिती बुरशीने गेल्या किंवा भंगारात निघाल्या, अशा मुद्रणांची उरलेली प्रत फिरत्या डीजेच्या डिस्कवर, चुकीच्या नावाने आणि १२८ दराने, पडलेली असू शकते. ज्यांच्या घरी चालू स्थितीतला कॅसेट डेक आणि मूळ फिती अजून आहेत, त्यांनी त्या असंक्षिप्त रूपात, म्हणजे काहीही न वगळणाऱ्या वेव्ह फाइलीत, गायक-वादकांच्या नावांसह उतरवून घेणे हे काम नव्या स्पीकरांच्या खरेदीपेक्षा निकडीचे आहे; त्याला लागतो तो डेकच्या टोकावरचा मळ पुसायला थोडा स्पिरिट, एक साधे ध्वनिमुद्रण कार्ड आणि फीत जेवढ्या मिनिटांची तेवढाच वेळ.