पात्राचे वाक्य आणि उमेदवाराची जबानी

कादंबरीतील पात्राचे बोलणे हे कादंबरीकाराचे बोलणे नव्हे, हा विवेक आपण वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवितो आणि पुढे तो गृहीत धरतो. त्याचा संबंध परीक्षेपलीकडे कशाशी आहे, असे सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९३४ साली झालेली गव्हर्नरपदाची निवडणूक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कारण तेथे हा विवेक सोडून देणे हाच एका नव्या धंद्याच्या भांडवलाचा भाग झाला.

निवडणुकीतील उमेदवार अप्टन सिंक्लेअर हे ‘द जंगल’ (१९०६) या कादंबरीचे कर्ते. १९३३ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली. आपण गव्हर्नर झालो आणि राज्यातील दारिद्र्य संपविले, अशी कल्पना करून तीत भविष्यकाळाचा इतिहास सांगितला आहे. बंद कारखाने आणि पडीक जमिनी बेकारांच्या हाती देऊन त्यांना स्वतःसाठी उत्पादन करू द्यावे, हे त्यांच्या योजनेचे सूत्र होते. ऑगस्ट १९३४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी त्यांनी मोठ्या मताधिक्याने मिळविली. नोव्हेंबरात मात्र फ्रँक मेरियम यांना ११ लक्ष ३८ हजारांवर आणि सिंक्लेअर यांना सुमारे ८ लक्ष ७९ हजार मते पडली.

या पराभवामागे कारणे अनेक होती. त्यांतील एकाचाच येथे विचार करावयाचा आहे. क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर या दोघांनी १९३३ साली ‘कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड’ ही संस्था स्थापिली होती. पक्षाचे कार्यकर्ते नसताना, मोबदला घेऊन प्रचाराची संपूर्ण आखणी करून देणारी ही अमेरिकेतील पहिली संस्था मानली जाते. सिंक्लेअरविरोधी प्रचाराचे काम हाती घेताच या दोघांनी तीन दिवस स्वतःला कोंडून घेऊन त्यांची पुस्तके वाचून काढली, असे सांगतात. त्यानंतर ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या पहिल्या पानावर रोज एका चौकटीत सिंक्लेअर यांचे एकेक वाक्य येऊ लागले. विवाहाच्या पावित्र्यावरील आपली श्रद्धा उडाली आहे, अशा आशयाचे एक वाक्य त्यांत होते. ते ‘लव्ह्ज पिल्ग्रिमेज’ (१९११) या कादंबरीतील असून, तेथे ते पत्नीच्या प्रियकराला पती लिहीत असलेल्या पत्रात येते.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात अर्थ कशाकशाच्या वैशिष्ट्याने बदलतो याची गणना केली आहे. वक्ता, ज्याला उद्देशून बोलणे झाले ती व्यक्ती, प्रकरण, देश आणि काल ही त्यांतील प्रमुख अंगे होत. वृत्तपत्रातील चौकटीने शब्द एकही बदलला नाही. ही सर्व अंगे तेवढी बदलली. वक्ता दुखावलेला पती होता, तो उमेदवार झाला. श्रोता पत्नीचा प्रियकर होता, तो मतदार झाला. प्रकरण एका घराच्या मोडण्याचे होते, ते राज्याच्या भवितव्याचे झाले. अवतरण अक्षरशः खरे आणि अर्थतः खोटे असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. ही अवतरणे प्रस्तुत नव्हती, हे बॅक्स्टर यांनी पुढे मान्यही केले. सिंक्लेअर गव्हर्नर होऊ नयेत एवढेच आपले उद्दिष्ट होते, असे त्यांचे म्हणणे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. ही कादंबरी बव्हंशी आत्मचरित्रात्मक आहे. त्या पतीच्या दुःखामागे लेखकाचा पहिला विवाह उभा आहे. शिवाय सर्व कला हा प्रचारच होय, असा सिद्धान्त सिंक्लेअर यांनीच ‘मॅमनआर्ट’ (१९२५) या ग्रंथात मांडला होता. ज्याने आपल्या पात्रांना आयुष्यभर आपली मते बोलावयास लावली, त्याने पात्राचे मत आपल्यावर लादले गेल्याची तक्रार का करावी? माझ्या मते हा आक्षेप सिंक्लेअर यांच्या कलेला लागू पडतो, चौकटीला निर्दोष ठरवीत नाही. आत्मचरित्रात्मक पात्रसुद्धा एका क्षणी, एका वेदनेत बोलते. त्या क्षणातून काढलेले वाक्य लेखकाचा कायमचा सिद्धान्त ठरत नाही. मात्र प्रचार आणि कला यांतील सीमारेषा स्वतः पुसणाऱ्या लेखकापाशी बचावाचे उत्तम शस्त्र उरले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पराभवानंतर १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ते या चौकटींविषयी लिहितात. पहिल्या पुस्तिकेत शेवटचा शब्द त्यांचा होता. या पुस्तकात त्यांचेच शब्द शत्रूच्या हाती गेलेले दिसतात. म्हणूनच ते अधिक वाचनीय झाले आहे.

उमेदवाराविरुद्ध वापरलेली ही रीत पुढे विधेयकांविरुद्धही चालली. १९४५ साली गव्हर्नर अर्ल वॉरन यांची सक्तीच्या आरोग्यविम्याची योजना हाणून पाडण्याचे काम कॅलिफोर्नियातील डॉक्टरांच्या संघटनेने याच संस्थेला दिले. वॉरन यांची १९४२ ची निवडणूकही तिनेच चालविली होती, हे ध्यानात घ्यावे. १९४९ पासून अध्यक्ष ट्रुमन यांच्या राष्ट्रीय आरोग्यविम्याविरुद्ध अमेरिकन मेडिकल असोसिएशनची मोहीम तिच्याकडे आली. सभासदांकडून प्रत्येकी २५ डॉलरची वर्गणी मागण्यात आली होती. या मोहिमेचे भित्तिचित्र म्हणून ल्यूक फिल्ड्स यांचे ‘द डॉक्टर’ (१८९१) हे चित्र निवडण्यात आले. राजकारणाला या चित्राबाहेर ठेवा, असा मजकूर त्याखाली होता. मूळ चित्रात गरिबाचे खोपटे आहे, दोन खुर्च्या जोडून निजविलेले आजारी मूल आहे, मागे हतबल बाप आणि मेजावर डोके टेकलेली आई आहे. या घराला डॉक्टर परवडावा कसा, हा प्रश्न चित्रातच आहे, आणि विधेयक त्याच प्रश्नाचे होते. मजकुराने प्रेक्षकाला चित्रातील डॉक्टर दाखविला आणि घर पाहू दिले नाही. ते विधेयक संमत झाले नाही. वृद्धांपुरता सरकारी आरोग्यविमा येण्यास १९६५ साल उजाडले.

व्हिटेकर आणि बॅक्स्टर हे वाईट वाचक होते, असे म्हणता येत नाही. कोणते वाक्य कोठे तोडले असता सर्वांत खोल जखम होईल, हे ओळखण्यास बारकाईनेच वाचावे लागते. त्यांना उणे होते ते वाक्याविषयीच्या उत्तरदायित्वाचे. आपल्या विभागातही आपण असेच बारकाईचे वाचन शिकवितो. वक्ता कोण व प्रकरण कोणते, हे दोन प्रश्न त्यातून वगळले, तर आपण विद्यार्थ्यांना ज्या कौशल्यात तरबेज करू त्याला बाजारात गिऱ्हाईक केव्हाच लाभलेले आहे.