पाठीवरचा गोंद

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून तिकिटांची जुनी वही निघाली, की घर बदलापुरात कात्रपला असो वा गिरगावातल्या चाळीत, पोरांचे बोट प्रथम जाते ते ‘मग्यार पोस्टा’वर. फुलांची, फुलपाखरांची, अवकाशयानांची, कधी त्रिकोणी, कधी चौकोनी अशी ती हंगेरीची तिकिटे! त्यांच्या शेजारी नाशिकच्या छापखान्यातली आपली एकरंगी तिकिटे लग्नघरात नेसत्या लुगड्यानिशी आलेल्या पाहुणीसारखी दिसतात. परंतु रसिकाने एवढ्यावर निकाल देऊ नये. आधी तिकीट पालथे करून पाहावे.

पुष्कळशा मग्यार तिकिटांवर पुढे शिक्का आहे आणि मागे गोंद जसाच्या तसा आहे. म्हणजे ती पाकिटावर कधी बसलीच नाहीत! दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीने संग्राहकांसाठी मोठा व्यापार मांडला. कोऱ्या तिकिटांवर नेटका शिक्का मारून त्यांची पुडकी परदेशी विकली. कडेला दाते नसलेल्या थोड्या प्रती हौशी लोकांसाठी वेगळ्या काढल्या. चित्रे देखणी, छपाई उत्तम, यात वाद नाही. पण हे घरात बसून लिहिलेले प्रवासवर्णन झाले.

याच देशाने खरी तिकिटेही काढली आहेत. हंगेरीची स्वतःची तिकिटे सुरू झाली १८७१ साली; तिची सर्वांत बोलकी तिकिटे मात्र १९४६ सालची. पेंगो हे चलन तेव्हा इतके वेगाने कोसळत होते, की तिकिटावर किंमत छापून होईतो ती खोटी ठरे. शेवटी टपालखात्याने जुन्या तिकिटांवर आकड्याऐवजी कामच छापले : हे गावातल्या पत्राचे, हे परगावच्या, हे रजिस्टरचे, हे पार्सलचे. १ ऑगस्टला फोरिंट हे नवे चलन आले. त्या ओबडधोबड ठशांत शोभा नाही; पण ज्या घरात भाकरीचा भाव रोज बदलत होता, त्या घरची पत्रे त्यांनीच पोचवली.

आता आपले एक तिकीट पाहा. १८ एप्रिल १९५८ रोजी महर्षी धोंडो केशव कर्वे शंभर वर्षांचे झाले, आणि त्यांच्या चित्राचे पंधरा नव्या पैशांचे तिकीट निघाले. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर हयात व्यक्ती येण्याची ती पहिलीच वेळ. चित्रकाराने कल्पनेला फारसा ताण दिलेला नाही. विधवांच्या शिक्षणासाठी हिंगण्याची वाट तुडवणारे अण्णा त्यात कोठे दिसत नाहीत, हा दोष मान्य केलाच पाहिजे. तरीही ते तिकीट पत्रांबरोबर गावोगाव हिंडले, आणि एखाद्या पाकिटावर अण्णांचा चेहरा अण्णांच्याच हाती पडला असेल!

म्हणून वही वारशाने आलेल्या मुलांना एवढेच सांगावे : फुलपाखरे जरूर जपा. परंतु एखाद्या पाकिटावर तिकीट, शिक्का आणि आजीचे अक्षर तिन्ही एकत्र सापडले, तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका. तिकिटाचे सौंदर्य पुढच्या बाजूला असते; त्याची कमाई मात्र त्याने सोडलेल्या गोंदात असते.