एक कोष्टक आणि त्यातील नावे

बाळंतज्वराची गोष्ट आपण वर्गात सांगतो ती बहुधा व्हिएन्नाच्या सेमेलवाइसपासून. त्याने १८४७ साली हात धुण्याचा आग्रह धरला. पण त्याआधी ५२ वर्षे, म्हणजे १७९५ साली, अलेक्झांडर गॉर्डन या स्कॉटिश डॉक्टरने अ‍ॅबरडीन शहरातील बाळंतज्वराच्या साथीवर एक छोटासा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. सुईणपणाच्या व्यावसायिक नीतीचा विचार करताना तो आजही वाचण्याजोगा आहे, विशेषतः त्यातील एका कोष्टकासाठी.

ही साथ डिसेंबर १७८९ ते मार्च १७९२ या काळात होती. गॉर्डनने ७७ रुग्णांची नोंद केली. त्यांतील २८ जणी दगावल्या. प्रत्येकीचे नाव, वय, पत्ता, आजाराची तारीख, ती वाचली की दगावली आणि तिचे बाळंतपण कोणी केले, हे सारे कोष्टकात आहे. यावरून त्याला दिसले, की आजारी बाळंतिणीची सेवा केलेल्या सुईणीच्या किंवा डॉक्टरच्या हातूनच हा ज्वर पुढच्या बाईपर्यंत पोचतो. बाळंतपण कोणी केले हे कळले, की कोण आजारी पडेल ते आपण आधीच सांगू शकत होतो, असे तो लिहितो. जंतूंची कल्पनाही त्या वेळी रुजलेली नव्हती. तरीही सुईणी, डॉक्टर यांनी अंग धुवावे आणि कपड्यांना धुरी द्यावी, असे त्याने सांगितले.

बाळंतपण करणाऱ्यांमध्ये गॉर्डनचे स्वतःचेही नाव आहे. आपण स्वतः अनेक स्त्रियांपर्यंत हा रोग नेला, अशी कबुली त्याने दिली. ग्रंथाचे खरे मोल या प्रामाणिकपणात आहे.

दोन गोष्टी मात्र खटकतात. पहिली, त्याचा उपचार. सुरुवातीलाच २० ते २४ औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक रक्त काढावे, असे तो सांगतो. बायका रक्त काढल्यामुळे वाचल्या की रक्त काढूनही वाचल्या, हे त्याने तपासले नाही. रोगाच्या प्रसाराला लावलेली कसोटी त्याने स्वतःच्या उपचाराला लावली नाही.

दुसरी गोष्ट नावांची. रोग आपल्या हातून पसरतो हे त्या सुईणींना ठाऊक नव्हते. डॉक्टरच्या हातूनही तेच घडत होते. लहान शहरात नावे छापली जाताच त्या गुन्हेगार ठरल्या. रुग्णांची नावे-पत्तेही उघड झाले. शहराचा रोष ओढवला आणि गॉर्डन पुन्हा नौदलाच्या नोकरीत गेला. १७९९ साली तो वारला. इंग्लंड व वेल्समध्ये १९५२ पासून मातामृत्यूंची जी चौकशी सुरू झाली, तिच्यात नावे गुप्त ठेवून प्रत्येक मृत्यूची कारणे शोधली जातात. शिक्षेची भीती नसली तरच चुका मोकळेपणाने सांगितल्या जातात, हा त्यामागचा विचार.

वर्गात असे एक काल्पनिक कोष्टक करून पाहावे. नावांऐवजी अ, ब, क अशी अक्षरे घालावीत आणि विद्यार्थ्यांना विचारावे, कोणता रकाना झाकला तर निष्कर्ष हाती लागत नाही? ‘बाळंतपण कोणी केले’ हा रकाना ते लवकरच शोधतील. मग त्यांना सांगावे, की गॉर्डनने त्या रकान्यात स्वतःलाही वगळले नव्हते.