मूळ निसर्गाचे, निवड कोणाची?

वाहून आलेला ओंडका, उपटलेले मूळ, वाळलेली फांदी अशा निसर्गदत्त वस्तूंतून कोणी मनुष्याकृती उभी केली की प्रेक्षक सहज म्हणतो, 'निसर्गाची काय किमया!' हे कौतुक निरागस वाटते. परंतु त्यात शिल्प करणाराचा हात नाहीसा होतो. कोणाचा हात नाहीसा होतो आणि कोणाचा शाबूत राहतो, हे तपासले म्हणजे या कौतुकामागील समाजव्यवस्था उघडी पडते.

अवनींद्रनाथ टागोर (१८७१-१९५१) यांनी उतारवयात वाळक्या फांद्या, मुळे, लाकडाचे तुकडे यांपासून लहान लहान शिल्पे केली. 'कुटुम-काटाम' या नावाने ती ओळखली जातात. मूळ आकाराला त्यांनी फारसा धक्का लावला नाही. या संयमाला समीक्षेने परिपक्व प्रतिभेचे लक्षण मानले, आणि ते योग्यच झाले. कारण अशा शिल्पात निवड हीच निर्मितीची पहिली पायरी असते. शंभर फांद्या सोडून एक उचलणे, ती कोणत्या बाजूने उभी करायची हे ठरवणे आणि कोठे थांबायचे हे ओळखणे, यालाच कला म्हणतात.

आता हाच निकष अमेरिकेतील काळ्या स्त्रीच्या कामाला लावून पाहू. बेसी हार्वी (१९२९-१९९४) जॉर्जिया राज्यात दारिद्र्यात जन्मल्या. अकरा मुलांची आई असलेल्या या बाईने टेनेसीतील अल्कोआ गावी राहून रुग्णालयात साफसफाईची नोकरी केली. झाडांच्या मुळांत त्यांना चेहरे दिसत. त्यांवर रंग चढवून, मणी, शिंपले, कापड जोडून त्यांनी जी माणसे उभी केली, त्यांच्यात पूर्वजांचा करारीपणा आहे. आपण केवळ साधन, खरा कर्ता देव, असे त्या म्हणत. त्यांच्या श्रद्धेचा आपण आदर करू; पण समीक्षकाने ती शब्दशः घेण्याचे कारण नाही. मुळाला डोळे कोठे द्यायचे आणि गाठ कोठे उघडी ठेवायची, हे हार्वी यांच्याच बुद्धीने ठरवले. मूळ देवाचे की निसर्गाचे हा वाद बाजूला ठेवला तरी निवड त्यांचीच होती.

त्याच जॉर्जियात राल्फ ग्रिफिन (१९२५-१९९२) घराजवळच्या ओढ्यातून मुळे काढून त्यांना काळा, तांबडा, पांढरा रंग देत होते. अशा कलावंतांसाठी प्रस्थापितांनी एक कप्पा तयार ठेवला होता. १९७२ साली रॉजर कार्डिनल यांच्या ग्रंथाने 'आउटसायडर आर्ट' ही संज्ञा रूढ केली. त्याच वर्षी मुंबईत, अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन, दलित पँथर उभी राहिली. एकीकडे 'बाहेरचे' असा शिक्का घडत होता आणि दुसरीकडे बाहेर ठेवलेले आपले नाव स्वतःच ठरवत होते. हा योगायोग असेल, पण तो बोलका आहे. बाहेर म्हणजे कोणाच्या बाहेर? दलित साहित्यालाही 'अनुभव जिवंत, पण कलेची बाजू कच्ची' हे ऐकावे लागले आहे. दोन्ही ठिकाणी युक्ती एकच: सामग्रीचे कौतुक करायचे आणि कर्तृत्व नाकारायचे.

आपल्याला हा प्रश्न अधिक बोचतो, कारण लाकूड आपल्यासाठी कधीच निरागस नव्हते. मसणवट्यात लाकडे पोचवणे, मेलेली ढोरे ओढणे ही कामे महारकीने लादली होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली, तरी स्मृती नष्ट होत नाही. म्हणून 'टाकाऊतून टिकाऊ' हे शाळेतले घोषवाक्य आपण जपून वापरावे. गावाने टाकलेले उचलावे लागणे ही गुलामी होती. तीच वस्तू स्वतःच्या इच्छेने उचलून तिला अर्थ देणे हे स्वातंत्र्य आहे. दोहोंत फरक निवडीचा आहे.

हा फरक थॉर्नटन डायल (१९२८-२०१६) यांच्या कामात स्पष्ट दिसतो. अलाबामातील बटाईने शेती करणाऱ्या कुटुंबात ते जन्मले आणि बेसेमरच्या रेल्वेडबे बनवणाऱ्या कारखान्यात सुमारे तीस वर्षे राबले. २००४ सालच्या 'इतिहासाने मरण नाकारले' या अर्थाच्या नावाच्या शिल्पात त्यांनी भेंडीची वाळलेली खोडे-मुळे, कपडे, पत्रा, तार आणि पोलादी साखळी एकत्र आणली. भेंडी गुलामांच्या व्यापाराच्या काळात आफ्रिकेतून अमेरिकेत पोचली. ती साखळीशेजारी ठेवताच परसातले ते झाड साक्षीदार होते. येथे 'निसर्गाची किमया' म्हणणे म्हणजे साक्ष दडपणे होय.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला २०१४ साली दक्षिणेतील काळ्या कलावंतांच्या ५७ कलाकृती देणगी म्हणून मिळाल्या. २०१८ चे प्रदर्शन डायल यांच्या याच शिल्पाच्या नावाने भरले. हार्वी यांची शिल्पे न्यूयॉर्कच्याच व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात आली ती १९९५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. दारे उघडली याचा आनंद आहेच. पण दार उघडणारा मोठा आणि आत जाणारा उपकृत, ही भाषा आपण स्वीकारू नये. तसेच कलावंत शोषित आहे म्हणून त्याची प्रत्येक कृती थोर, असेही म्हणू नये. तो दयेचाच दुसरा प्रकार आहे. अवनींद्रनाथांच्या फांदीला जो निकष लावला तोच हार्वींच्या मुळाला लावावा: काय उचलले, काय सोडले, कोठे थांबले? आपल्याला सवलत नको आहे. तपासणी हवी आहे, आणि ती सर्वांची सारखी हवी.