माया मंदिरांची छापचित्रे : दोन दृष्टी

मध्य अमेरिकेतील प्राचीन माया मंदिरांची एकोणिसाव्या शतकातील छापचित्रे चाळताना आम्हांला एक प्रश्न पडतो : चित्रकाराने समोरचे पाहिले, की मनातले?

जाँ-फ्रेदेरिक वाल्डेक याने १८३२ च्या सुमारास मेक्सिकोतील पालेंकेच्या अवशेषांपाशी मुक्काम केला. हात कसलेला होता; परंतु माया संस्कृतीचे मूळ जुन्या जगात आहे, ही समजूत तो बरोबर घेऊनच गेला होता. माया प्रदेशात हत्ती नव्हते. तरी तेथील कोरीव लेखांत त्याला हत्तीची मस्तके दिसली! त्याची चित्रे सुबक खरी, पण विश्वसनीय नव्हेत.

फ्रेडरिक कॅथरवुड १८३९ मध्ये जॉन लॉइड स्टीफन्ससह होन्डुरासमधील कोपान येथे पोहोचला. इजिप्त व जेरुसलेम येथील वास्तू त्याने पूर्वीच रेखाटल्या होत्या. तरीही कोपानच्या शिळास्तंभांपुढे त्याची पहिली रेखाटने फसली. ओळखीचा एकही आकार तेथे नव्हता. चिखलात उभा राहून त्याने ती पुनःपुन्हा काढली. न कळलेले ओळखीच्या साच्यात न कोंबता जसेच्या तसे उतरवले, यातच आम्हांला त्याची थोरवी दिसते. स्टीफन्सच्या १८४१ च्या प्रवासवर्णनात या रेखाटनांवरून कोरीव ठशांची चित्रे छापली गेली. ही मंदिरे तेथील रहिवाशांच्याच पूर्वजांनी उभारली, या स्टीफन्सच्या निष्कर्षाला त्यांनी बळ दिले.

कॅथरवुडच्या १८४४ च्या संग्रहातील २५ शिळाछाप चित्रे मात्र निर्दोष नाहीत. आकाश व प्रकाश कधी कधी नाटकी होतात. शिवाय ज्यांच्या पूर्वजांची ही मंदिरे, ती माया माणसे अनेकदा इमारतीची उंची कळावी एवढ्यापुरतीच उभी दिसतात.

हा दोष दाखवताना आम्हां धर्मगुरूंना आपल्या घरातही डोकवावे लागते. १५६२ मध्ये मानी येथे फ्रान्सिस्कन दिएगो दे लांदा यांनी माया ग्रंथ जाळले. त्याच लांदांनी लिहून ठेवलेली माया चिन्हांची नोंद विसाव्या शतकात युरी क्नोरोझोव्ह यांना ती लिपी उलगडताना उपयोगी पडली. एकाच माणसाने न समजता न्यायनिवाडा केला, आणि पाहून, विचारून नोंदही केली. त्यांतले काय जगाच्या कामी आले, हे निराळे सांगायला नको.

परक्याच्या मंदिरापुढे उभे राहताना आधी डोळे उघडावेत, मग तोंड. कॅथरवुडची चित्रे आम्हांला एवढे शिकवतात. म्हणून वाचकांनी ती सावकाश पाहावीत.