स्वस्त की स्वतंत्र?

बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांचा १९८८ सालचा ‘रेड’ हा निबंध आम्ही टेंभुर्णीत काही शिक्षकांनी मिळून वाचला. विषय असा, की अनेक स्वस्त डिस्क जोडून एका मोठ्या डिस्कचे काम करून घ्यायचे. युनिक्स सर्व्हरवर अशा संचावर एकच मोठी फाइल सिस्टीम उभारता येते.

निबंधाचे बळ त्यातील प्रामाणिक गणितात आहे. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर १०० डिस्कच्या संचात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत होईल. म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच! त्यावरचा एक उपाय फळ्यावर सहज दाखवता येतो. तीन डिस्कवर १, ०, १ असे अंक असतील तर चौथीवर ० लिहायचा, म्हणजे एकूण १ सम संख्येने येतात. आता कोणतीही एक डिस्क गेली तरी तिच्यावरचा अंक उरलेल्या तिघींवरून काढता येतो.

आमचा आक्षेप एका गृहीतकावर आहे. डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात, असे लेखक धरून चालतात. तसे ते सांगतातही. पुढे मात्र ‘रेड’च्या नावातील ‘स्वस्त’ची जागा ‘स्वतंत्र’ने घेतली आणि गृहीतक जणू गुणधर्मच ठरले. आमच्या गावात विजेचा दाब एकदम वाढला, तर एका पेटीतल्या चारही डिस्क एकाच वेळी जाऊ शकतात. चुकून पुसलेली फाइल तर संपूर्ण संचातूनच जाते. तेव्हा शाळेच्या निकालपत्रकांची एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवीच.

निबंध जरूर वाचावा, पण गृहीतकासकट.